टर्बोचार्जरचा जनक आल्फ्रेड ब्यूखी: वीस वर्षांची धडपड आणि ट्रकच्या ब्रीदर पाइपाची गोष्ट

जुन्या ट्रकला टर्बो बसवतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. दोन पाइप जोडले, चार बोल्ट आवळले, शिट्टीसारखा आवाज आला की झालं काम! मी देवळीचा. नागपूर-तुळजापूर हायवे आमच्या गावावरून जातो, त्यामुळे टर्बोच्या गप्पा लहानपणापासून कानावर आहेत. पण ज्या माणसाने टर्बो शोधला, त्याला तो इंजिनावर नीट चालवून दाखवायला तब्बल वीस वर्षं लागली. आज त्याची गोष्ट सांगतो. जुन्या गाडीला टर्बो लावायचा विचार असेल तर ती तुमच्या कामाची आहे.

इंजिनवाल्या घरातला मुलगा

आल्फ्रेड ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर गावातला. वडील सुल्झर या मोठ्या यंत्र कंपनीत वरच्या पदावर होते. म्हणजे घरात इंजिनाचं वातावरण होतंच. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९०३ मध्ये तो इंजिनिअर झाला आणि बेल्जियम, इंग्लंडमध्ये नोकरी करून आला.

त्याला एक गोष्ट सारखी खटकायची. इंधन जाळून जी उष्णता तयार होते, तिचा मोठा हिस्सा सायलेन्सरमधून फुकट बाहेर जातो. त्याने विचार केला, या गरम धुराने एक चक्र फिरवलं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबली तर? जास्त हवा म्हणजे जास्त इंधन नीट जळणार, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळणार. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने या कल्पनेचं जर्मन पेटंट घेतलं. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता.

कागदावर सोपं, इंजिनावर अवघड

पुढे तो सुल्झरमध्येच डिझेल संशोधनाचं काम पाहू लागला. १९११ पासून तिथे प्रयोग सुरू झाले, पण इंजिन काही साथ देईना. हवेचा दाब टिकत नव्हता. एवढ्या उष्णतेत आणि वेगात टिकतील असे धातू तेव्हा सहज मिळत नव्हते.

यश आलं १९२५ मध्ये. ब्यूखीने सिलिंडरचे एक्झॉस्ट पाइप वेगवेगळ्या गटांत विभागले, म्हणजे एका सिलिंडरच्या धुराचा झटका दुसऱ्याच्या आड येणार नाही. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळही बदलली, म्हणजे ताजी हवा आत शिरताना जुना धूर पुरता बाहेर ढकलेल. प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिन तेवढंच, ताकद ४० टक्क्यांहून जास्त!

ट्रकपर्यंत यायला आणखी वेळ लागला. स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने १९३८ मध्ये टर्बोवालं ट्रक इंजिन बनवलं.

माझ्या मते ब्यूखीच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. वीस वर्षांनी यश आलं ते टर्बोच्या जोडीला पाइप आणि व्हॉल्व्हही बदलले तेव्हा. आत दाब वाढवायचा तर बाहेर पडायची वाटही तशीच करावी लागते.

आता आपल्या ट्रककडे येऊ

आमच्या काकांच्या जुन्या ट्रकला, ज्यात ते कापसाच्या गाठी वाहतात, एका गॅरेजमध्ये टर्बो बसवला होता. पहिले काही दिवस चढावर गाडी मस्त ओढायची. मग निळा धूर सुरू झाला, ऑइल कमी व्हायला लागलं, क्रँकच्या मागच्या सीलमधून गळती सुरू झाली. टर्बो बदलला, तरी तेच. शेवटी दोष निघाला ब्रीदर पाइपात.

असं का होतं, ते समजून घेऊ. पिस्टनच्या खाली क्रँक फिरते ती बंद जागा म्हणजे क्रँककेस, आणि तिच्या तळाशी ऑइलचा चेंबर. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस त्यांच्या फटीतून खाली उतरतोच. आपले मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो. टर्बो लावला की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणजे खाली उतरणारा गॅसही वाढतो. ब्रीदर मात्र जुन्याच मापाचा!

त्यात टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. त्याला ऑइल पंपाच्या दाबाने मिळतं, पण परत चेंबरमध्ये येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. चेंबरमध्येच दाब साचला तर ते खाली उतरणार कसं? मग ते टर्बोच्या सीलमधून हवेच्या आणि धुराच्या पाइपात शिरतं. दोष ब्रीदरचा आणि बिल टर्बोचं!

खरा धोका याच्या पुढचा आहे. डिझेल इंजिन ऑइलवरही चालू शकतं. हवेच्या पाइपातून भरपूर ऑइल आत गेलं तर चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि शेवटी ते फुटू शकतं. अशा वेळी हवेची वाट बंद करणं हाच उपाय, आणि तिथे हात घालणं जिवावर बेतू शकतं.

टर्बो लावण्याआधी हे बघा

• आधी कॉम्प्रेशन तपासा. रिंगा झिजलेल्या इंजिनाला टर्बो लावू नका.

• ब्रीदर पाइप मोठ्या मापाचा, ऑइलने न फुगणारा आणि कुठेही न दबलेला हवा. मधे खोलगट वाक असेल तर तिथे ऑइल साचून वाट बंद होते.

• ब्रीदर टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात जोडणार असाल तर मधे ऑइल वेगळं करणारा डबा हवाच. नाहीतर इंटरकूलर आतून तेलकट होतो. डबा वेळच्या वेळी रिकामा करा.

• टर्बोचा ऑइल परतीचा पाइप जाड आणि सरळ उताराचा ठेवा. तो चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडा.

• डिपस्टिकच्या नळीला पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी जोडून क्रँककेसचा दाब मोजता येतो. टर्बो बसवण्याआधी आणि नंतर मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

• पेट्रोल गाडीत ब्रीदरची एक वाट इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. टर्बो लावल्यावर तिथे उलटा दाब येतो, म्हणून एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह लागतो.

• आणि हो, गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा.

ब्यूखी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी गेला. तोवर त्याचा टर्बो जहाजं, रेल्वे आणि ट्रकपर्यंत पोचला होता. आज आमच्या हायवेवरून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक नव्या ट्रकमध्ये तो आहे, आणि त्यांचे ब्रीदरही कंपनीने त्याच हिशोबाने बनवलेले आहेत. जुन्या गाडीत तो हिशोब आपल्यालाच करावा लागतो. म्हणून गॅरेजमध्ये गेलात की टर्बोची किंमत नंतर विचारा. ब्रीदरचं काय करणार, हे आधी विचारा.