लेखणीची मिळकत

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी एखाद्या नामांकित स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. म्हणून जिची शाळा माझ्याहूनही लवकर सुटली, तरी जिची पुस्तके जगभर वाचली जातात, अशा एका इंग्रज कादंबरीकर्तीची हकिकत सांगते. तिचे नाव जेन ऑस्टेन.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात, स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील तेथील पाद्री. सहा भाऊ व थोरली बहीण कॅसँड्रा धरून आठ भावंडे. उत्पन्न बेताचे, म्हणून वडील घरी विद्यार्थी ठेवून शिकवीत. जेनची शाळा अकराव्या वर्षाच्या सुमारास संपली. पुढचे शिक्षण वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून झाले.

लहानपणापासून ती गोष्टी लिही व घरच्यांना वाचून दाखवी. १७९७ साली वडिलांनी तिच्या एका कादंबरीविषयी लंडनच्या प्रकाशकाला पत्र पाठविले. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळविला. १८०३ साली दुसऱ्या एका प्रकाशकाने तिची एक कादंबरी १० पौंडांना विकत घेतली, पण छापलीच नाही.

मध्यंतरी १८०२ साली एका इस्टेटवाल्या घरच्या तरुणाने तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. त्या काळी अशा घरच्या मुलीला लग्नावाचून आधार नसे. लग्न झाले असते तर तिचाच नव्हे, घरच्यांचाही प्रश्न सुटला असता. तरी तिने सकाळी नाही म्हटले. याला केवढे धैर्य लागले असेल, ते आपण बायकाच जाणू शकतो!

१८०५ साली वडील वारले. मायलेकी भावांच्या मदतीवर आल्या व बिऱ्हाडे बदलत राहिल्या. अखेर १८०९ साली एडवर्ड या श्रीमंत भावाने चॉटन गावी राहायला घर दिले. सकाळच्या न्याहारीचे काम जेनकडे असे. बाकी वेळात ती एका लहानशा मेजावर लिहीत बसे.

तिच्या कादंबऱ्यांत लढाया नाहीत की राजवाडे नाहीत. लग्नाच्या मुली, त्यांच्या काळजीत पडलेल्या आया, पैसा आणि मान हेच तिचे विषय. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये एका घरी पाचही मुलीच आहेत आणि बापामागे घर दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. हे वाचताना हसू येते, आणि पोटात कालवतेही.

१८११ साली ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही पहिली कादंबरी निघाली. पुस्तकावर नाव नव्हते. कोणा एका बाईने लिहिले, एवढाच उल्लेख होता. छपाईच्या नुकसानीची जोखीम तिने स्वतः पत्करली होती. १४० पौंड नफा झाला. पुढे १८१३ साली निघालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले. ते पुस्तक खूप खपले, पण फायदा प्रकाशकाचा झाला. यानंतरच्या पुस्तकाचे हक्क तिने स्वतःकडे ठेवले. तेव्हा इंग्लंडात विवाहित स्त्रीची कमाई कायद्याने नवऱ्याची होई. जेनची कमाई मात्र तिचीच राहिली. १८१६ साली तिच्या भावाने ती न छापलेली कादंबरी तेवढ्याच १० पौंडांना परत आणली.

त्याच साली तिची प्रकृती बिघडली. १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर येथे ती वारली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. परत आणलेली कादंबरी त्याच वर्षअखेर ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने निघाली. तिला विंचेस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये पुरले. थडग्याच्या शिळेवर तिच्या गुणांची स्तुती आहे, पण तिने कादंबऱ्या लिहिल्या हे त्यावर कोठेच नाही! २०१७ साली बँक ऑफ इंग्लंडने तिचे चित्र असलेली नोट काढली. ती नोटही १० पौंडांचीच.

घरकाम आवरून लिहिणाऱ्या, शिवणाऱ्या, पापड लाटून चार पैसे मिळविणाऱ्या आपल्या मंडळातील भगिनींनी ही हकिकत ध्यानात ठेवावी. आपल्या कामाचा हिशेब आपण ठेवावा आणि त्यावर आपले नावही घालावे.