गार्डनर फॉक्स

गार्डनर फ्रान्सिस कूपर फॉक्स (२० मे, १९११:ब्रुकलिन, न्यू यॉर्क, अमेरिका - २४ डिसेंबर, १९८६:प्रिन्स्टन, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन कॉमिक्सलेखक व कादंबरीकार होते. विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश हा पहिला नायक, एकाच अवकाशात अनेक पृथ्वी नांदत असल्याची कॉमिक्समधील कल्पना आणि तिसऱ्या पृथ्वीवरचा अतिवेगवान खलनायक जॉनी क्विक हे तिन्ही त्यांच्या कथांतून वाचकांसमोर आले. त्यांनी ४,००० हून अधिक कॉमिक्सकथा लिहिल्या असा अंदाज आहे; शंभराहून अधिक कादंबऱ्या त्याहून वेगळ्या. अमेरिकेतील सुपरहिरो कथांचा पसारा ज्या मोजक्या लेखकांनी उभा केला त्यांत फॉक्स यांची गणना होते. या पात्रांची मालकी मात्र प्रकाशकांकडेच राहिली.

पूर्वायुष्य

फॉक्स यांचे बालपण ब्रुकलिनमध्ये कॅथलिक कुटुंबात गेले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास एडगर राइस बरोज यांच्या मंगळ ग्रहावरील दोन कादंबऱ्या त्यांच्या हाती पडल्या आणि अद्भुतरम्य साहित्याची गोडी त्यांना कायमची लागली. सेंट जॉन्स कॉलेजातून कायद्याची पदवी घेऊन १९३५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क राज्यातील वकिलीची सनद मिळविली. ते दिवस महामंदीचे होते. सुमारे दोन वर्षे वकिली केल्यानंतर ते संपादक व्हिन सुलिव्हन यांच्यासाठी कॉमिक्सच्या संहिता लिहू लागले. हा व्यवसाय तेव्हा अगदी नवा होता. लेखकाला पानामागे ठरावीक मोबदला मिळे, आणि पात्र कितीही लोकप्रिय झाले तरी त्याचे सर्व हक्क प्रकाशकाचे असत. १९३७ मध्ये फॉक्स यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती.

पहिला कालखंड

बॉब केन व बिल फिंगर यांनी निर्माण केलेला बॅटमॅन अवघ्या दोन अंकांचा झाला असताना, १९३९ मध्ये फॉक्स त्याच्या कथा लिहू लागले. बॅटमॅनचा साधनांनी भरलेला कमरपट्टा आणि फेकून मारण्याचे बॅटरँग हे अस्त्र त्यांच्याच कथांतून आले. त्याच वर्षी चित्रकार बर्ट क्रिस्टमन यांच्यासह त्यांनी सँडमॅन हे पात्र रचले. जानेवारी १९४० ही तारीख असलेल्या 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात त्यांचे दोन नायक एकदम अवतरले: हॅरी लॅम्पर्ट यांनी चितारलेला फ्लॅश आणि डेनिस नेव्हिल यांनी चितारलेला हॉकमन. हा पहिला फ्लॅश म्हणजे जे गॅरिक नावाचा महाविद्यालयीन विद्यार्थी. प्रयोगशाळेतील अपघातात वाफा हुंगल्याने त्याच्या अंगी अचाट वेग येतो. रोमन देव मर्क्युरीची आठवण करून देणारे पंखांचे शिरस्त्राण ही त्याची खूण.

१९४० च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात फॉक्स यांनी वेगवेगळ्या मासिकांतील नायकांना एका मेजाभोवती बसविले. जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका हा कॉमिक्सच्या इतिहासातील पहिला सुपरहिरो संघ होय. दुसऱ्या महायुद्धानंतर वाचकांची अभिरुची बदलली. १९४९ मध्ये 'फ्लॅश कॉमिक्स' बंद पडले आणि १९५१ मध्ये जस्टिस सोसायटीच्या कथाही थांबल्या. फॉक्स यांचे लेखन थांबले नाही. पाश्चिमात्य साहसकथा, विज्ञानकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, जे मागितले जाईल ते ते लिहीत गेले, बरेचसे टोपणनावांनी. घरी कात्रणांनी भरलेली दोन कपाटे आणि पुस्तकांनी गच्च भरलेला माळा हे त्यांचे भांडवल होते.

दोन पृथ्वी

१९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली फ्लॅश नव्या रूपात परतला. हा फ्लॅश म्हणजे पोलीस दलातील शास्त्रज्ञ बॅरी ॲलन. पहिल्याच कथेत तो जे गॅरिकचे जुने कॉमिक वाचताना दाखविला होता. म्हणजे नव्या नायकाच्या जगात जुना नायक निव्वळ काल्पनिक ठरला. त्यामुळे दोघांची भेट घडविण्याची वाटच बंद झाली होती.

सप्टेंबर १९६१ च्या 'द फ्लॅश' अंक १२३ मधील 'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स' या कथेत फॉक्स यांनी ही वाट मोकळी केली. चित्रे कार्माइन इन्फँटिनो यांची होती. मुलांसमोर करामती करून दाखविताना बॅरी ॲलन इतक्या वेगाने कंप पावतो की तो दिसेनासा होऊन एका परक्या शहरात पोहोचतो. तिथे टेलिफोन डिरेक्टरीत त्याला जे गॅरिकचे नाव सापडते. गॅरिक आता निवृत्त झालेला, केसांत रुपेरी छटा आलेला गृहस्थ आहे. दोन्ही पृथ्वी एकाच जागी आहेत, पण त्यांच्या कंपनांची गती वेगळी असल्याने त्या एकमेकींना दिसत नाहीत, असा खुलासा कथा करते. मग बॅरीच्या जगात गॅरिकची कॉमिक्स आली कुठून? त्यावर फॉक्स यांनी स्वतःलाच कथेत ओढले आहे. गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला झोपेत दुसऱ्या पृथ्वीवरच्या घटना दिसत आणि तो त्या कथा म्हणून लिहून काढी, असे बॅरी सुचवितो. लेखकाचे नाव सहसा छापलेही जात नसे अशा व्यवसायात ही गंमत लक्षणीय आहे.

याआधी १९६० मध्ये फॉक्स व चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी जस्टिस सोसायटीचा नवा अवतार म्हणून जस्टिस लीग ऑफ अमेरिका सुरू केली होती. १९६३ मध्ये हे दोन संघ परस्परांना भेटले. या अंकांचे स्वागत इतके झाले की अशी भेट हा दरवर्षीचा रिवाज बनला.

तिसरी पृथ्वी

१९६४ च्या भेटीसाठी, 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'च्या अंक २९ व ३० मध्ये, फॉक्स यांनी तिसरी पृथ्वी निर्माण केली. तिथे इतिहास उलटा घडला आहे: कोलंबस अमेरिकेतून निघून युरोपचा शोध लावतो आणि जॉन विल्क्स बूथ या राष्ट्राध्यक्षाचा खून अब्राहम लिंकन नावाचा नट करतो. या पृथ्वीवर सुपरहिरो नाहीतच. अलौकिक शक्ती आहे ती अल्ट्रामॅन, आउलमॅन, सुपरवुमन, पॉवर रिंग व जॉनी क्विक या पाच गुन्हेगारांकडे. ही क्राइम सिंडिकेट होय.

जॉनी क्विक हे फ्लॅशचे उलटे प्रतिबिंब. त्याचे नावही उसने आहे. १९४१ मध्ये मॉर्ट वाइसिंगर यांनी याच नावाचा एक वेगवान नायक निर्माण केला होता आणि फॉक्स यांनी ते नाव खलनायकाला दिले. कथेची खरी गंमत पाचांच्या अडचणीत आहे. रोखणारे कोणी नसल्याने चोरी त्यांना फार सोपी झाली आहे आणि त्यांची धार बोथट होऊ लागली आहे. तोलामोलाचे शत्रू हवेत म्हणून ते दुसऱ्या पृथ्वींवर चाल करून येतात. अखेरीस पराभूत टोळीला दोन पृथ्वींच्या मधल्या पोकळीत एका बुडबुड्यात कोंडले जाते. जॉनी क्विकच्या स्वभावाला या दोन अंकांत फारशी खोली नाही. फॉक्स यांचा भर पात्रांपेक्षा कथानकाच्या कोड्यावर असे, हा त्यांच्या लेखनाचा गुण आणि मर्यादाही म्हणता येईल.

याच दशकात फॉक्स यांनी जोडीच्या चित्रकारांसह नवा ॲटम (१९६१), झटाना (१९६४) आणि बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल (१९६७) ही पात्रे वाचकांसमोर आणली.

डीसीशी फारकत

फॉक्स सत्तावन्न वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्या नावे ना पात्रांचे हक्क होते, ना आजारपणाची तरतूद. बिल फिंगर, जॉन ब्रूम, अर्नोल्ड ड्रेक प्रभृती ज्येष्ठ लेखकांसह त्यांनी डीसी कॉमिक्सकडे आरोग्यविमा व इतर लाभांची मागणी केली. मागणी मान्य झाली नाही आणि यांपैकी बहुतेकांना मिळणारे काम आटत गेले. 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'चे पहिले ६५ अंक सलग लिहिलेल्या फॉक्स यांचा अखेरचा अंक सप्टेंबर १९६८ चा आहे. पुढचा अंक डेनिस ओ'नील या तरुण लेखकाने लिहिला.

त्यानंतर फॉक्स मुख्यतः कादंबऱ्यांकडे वळले. कोथार व किरिक या तलवारबहाद्दरांच्या मालिका या काळातील आहेत. १९७० च्या दशकात त्यांनी मार्व्हल, वॉरन व स्कायवॉल्ड या प्रकाशकांसाठीही काही कथा लिहिल्या. आपल्या संहिता, टिपणे आणि वाचकांची पत्रे त्यांनी आधीच ओरेगन विद्यापीठाला देऊन टाकली होती. चौदाहून अधिक खोक्यांचा हा संग्रह कॉमिक्सच्या अभ्यासकांना फार मोलाचा ठरला आहे.

समांतर पृथ्वींचे पुढे काय झाले

फॉक्स यांच्या पश्चात इतर लेखकांनी पृथ्वींची संख्या इतकी वाढविली की नव्या वाचकांचा गोंधळ होतो असे डीसीला वाटू लागले. १९८५ मध्ये मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेत सर्व पृथ्वी मोडून एकच ठेवण्यात आली. पहिल्याच अंकात तिसरी पृथ्वी नष्ट होते आणि जॉनी क्विकही त्यात मरतो. पुढच्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, फॉक्स यांचे निधन झाले.

कल्पना मात्र टिकली. २००० मध्ये ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांनी क्राइम सिंडिकेटला नव्याने उभे केले. २०१५ मध्ये 'द फ्लॅश' या दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात दुसऱ्या पृथ्वीवरून आलेला झूम हा अतिवेगवान खलनायक जे गॅरिकचे सोंग घेऊन वावरतो. त्या पर्वातील एका भागाला १९६१ च्या कथेचेच नाव दिले आहे.

पुरस्कार

'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स'ला १९६१ चा ॲली पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये फॉक्स यांना इंकपॉट पुरस्कार देण्यात आला. १९९९ मध्ये आयस्नर पुरस्कारांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. २००७ मध्ये त्यांना बिल फिंगर पुरस्कार मिळाला. कामाच्या मानाने श्रेय व मोबदला न मिळालेल्या कॉमिक्सलेखकांसाठी हा पुरस्कार आहे, आणि ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते फिंगर १९६८ च्या मागणीत फॉक्स यांचे सहकारी होते.