दह्यात दीर्घायुष्य शोधणारे मेचनिकॉफ

कोमट दुधात चमचाभर विरजण घालून रात्री झाकून ठेवले की सकाळी दही तयार. या साध्या पदार्थाला प्रयोगशाळेत नेऊन त्यात म्हातारपणावरचा उपाय शोधला तो एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५चा, खारकीवजवळच्या खेड्यातला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली आणि ते पार खचले. पुढे १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या दिसल्या. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. १९०८ मध्ये पॉल एर्लिच यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले ते प्रतिकारशक्तीवरील या कामासाठी, दह्यासाठी नव्हे.

दह्याकडे ते वळले पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्यांचे मत होते. दूध उघडे राहिले तर नासते, दही मात्र टिकते. असे का? दह्यातले जिवाणू दुधातील लॅक्टोज ही साखर वापरून लॅक्टिक आम्ल सोडतात. सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे जाळे होते आणि त्यात पाणी व स्निग्धांश अडकतो. हेच दही. अशा आंबटपणात कुजवणाऱ्या जंतूंचे फारसे चालत नाही. मग आतड्यातही तसेच घडेल, हा मेचनिकॉफ यांचा तर्क.

बल्गेरियात शंभरी गाठणारे पुष्कळ आणि दही तिथले रोजचे अन्न, हा त्यांचा दुसरा आधार. तो कच्चाच म्हणायला हवा. त्या लोकांचे कष्ट, हवा, बाकीचा आहार यांचे काय? पण १९०७ च्या त्यांच्या पुस्तकानंतर युरोपात दह्याचे वेड पसरले. बार्सिलोनात १९१९ मध्ये ते चक्क औषधांच्या दुकानांत विकले जाऊ लागले.

मेचनिकॉफ स्वतः रोज आंबवलेले दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. १९१६ मध्ये, ७१व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

ज्या बल्गेरियन जिवाणूवर त्यांची भिस्त होती, तो माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे पुढच्या संशोधनात दिसले. आतड्यातल्या जंतूंचा प्रकृतीशी संबंध असतो, हा त्यांचा मूळ विचार मात्र आज नव्याने अभ्यासला जातो. दह्याचा एक फायदाही पक्का ठरला आहे. दुधाने ज्यांचे पोट फुगते, अशांपैकी अनेकांना दही सोसते. काही लॅक्टोज आंबतानाच संपते आणि जिवंत जिवाणूंतील विकर उरलेले पचवायला मदत करते. कढी उकळली की ही जिवाणूंची मदत संपते. ताज्या दह्यात आणि ताकात ती मिळते.