मलिक अंबर : गुलामीतून उठलेला सिपाही, शहर वसवणारा पेशवा

रत्नागिरीहून शाळांच्या सहली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. मुलं बीबी का मकबरा बघतात, पाणचक्की बघतात, दौलताबादचा किल्ला चढतात आणि दमून परत येतात. ज्या माणसाने हे शहर मुळात वसवलं, त्याचं नाव मात्र वहीत फार तर एका ओळीत असतं. घरी विचारलं तर मोठ्यांनाही तेवढंच माहीत. २०२६ मध्ये मलिक अंबर यांच्या इंतकालाला ४०० वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्ताने आम्हाला वाटलं, त्यांची जिंदगी आपल्या घरांमध्ये एकदा नीट सांगितली जावी.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या कोकणात अंबर म्हटलं की काही लोकांना जंजिरा आठवतो. जंजिऱ्यालाही सिद्दी अंबर नावाचे सरदार होऊन गेले, पण ते वेगळे. दोघेही हबशी, दोघांचाही संबंध निजामशाहीशी, म्हणून गल्लत होते. आपण बोलतोय ते मलिक अंबर दौलताबादचे.

त्यांचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू असल्याचं सांगतात. लहान वयातच ते गुलाम म्हणून विकले गेले. येमेनचं मोखा बंदर, मग बगदाद, असा त्यांचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने या मुलाची हुशारी ओळखली. त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब करायला शिकवलं, आणि अंबर हे नावही त्यानेच दिलं. पुढे जे काही घडलं त्याची मुळं या तालीममध्ये आहेत, असं आम्हा शिक्षकांना तरी वाटतं. आई-बाप नाहीत, मुलूख नाही, अंगावरचा कपडासुद्धा मालकाचा. पण शिकलेलं कोणी काढून घेऊ शकत नाही.

तिथून ते दख्खनला आले. त्या काळी चौल, दाभोळ अशा बंदरांवर अरबस्तान आणि आफ्रिकेकडून घोडे यायचे, माल यायचा आणि माणसंही यायची. चौल निजामशाहीत होतं, आपला दाभोळ-रत्नागिरीचा भाग आदिलशाहीत. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेझखान यांनी अंबरना विकत घेतलं. चंगेझखान स्वतःही हबशी, कधीकाळी गुलाम राहिलेले. गुलाम होता म्हणून माणूस कायमचा खालीच राहील, असं दख्खनमध्ये नव्हतं, हे अंबरना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. कारभार कसा चालतो, फौज कशी पोसतात, हे ते तिथेच शिकले.

१५७५ च्या सुमारास चंगेझखान वारले आणि अंबर आझाद झाले. मग सुमारे वीस वर्षं मिळेल त्या दरबारात चाकरी. विजापूरला थोडी माणसं हाताखाली आली आणि मलिक हा किताब मिळाला. पण मनासारखं जमेना, तेव्हा आपले घोडेस्वार घेऊन ते परत निजामशाहीत आले. वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. आजच्या हिशेबाने माणूस रिटायरमेंटचा विचार करू लागतो त्या वयात त्यांचं खरं काम सुरू झालं.

१६०० मध्ये चांदबीबी मारल्या गेल्या आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हातात गेला. निजामशाही संपली असंच सगळे धरून चालले होते. अंबरनी राजघराण्यातल्या एका तरुणाला परांडा किल्ल्यावर दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. दोन वर्षांत नांदेडजवळच्या लढाईत ते जबर जखमी झाले. त्यांच्या माणसांनी त्यांना रणातून उचलून नेलं म्हणून ते वाचले. पुढे राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धी मोडून काढला, राजधानी जुन्नरला आणि मग दौलताबादला आणली.

त्यांच्याकडे मुघलांएवढा पैसा नव्हता, तोफखाना नव्हता. म्हणून ते समोरासमोर भिडत नसत. हलके घोडेस्वार रात्री-अपरात्री छावणीवर पडायचे, रसद तोडायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे. याला बारगीगिरी म्हणायचे. हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे या फौजेत एकत्र लढले. शहाजीराजे भोसले आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्यात होते. पुढे मराठ्यांनी जो गनिमी कावा नावारूपाला आणला, त्याची एक मोठी शाळा ही होती.

१६१० मध्ये दौलताबादपासून काही मैलांवर, खडकी नावाच्या छोट्या गावाच्या जागी त्यांनी नवं शहर वसवायला घेतलं. भडकल दरवाजा १६१२ चा, तो आजही उभा आहे. मस्जिदी बांधल्या, वाडे उठले, बाजार बसले. मराठा सरदारांना राहायला जागा दिल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही वस्त्यांची नावं मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी यांच्यावरून पडलेली. शहर कोणा एका जमातीचं व्हावं असं बांधणाऱ्याच्या मनात असतं, तर ही नावं पडलीच नसती.

पण शहर भिंतींनी बनत नाही, पाण्याने बनतं. तो मुलूख कमी पावसाचा. अंबरनी शहराच्या उत्तरेच्या डोंगरातलं जमिनीखालचं पाणी गोळा केलं, दगड-चुन्याच्या बंद नळातून उतारा-उताराने शहरात आणलं आणि हौदांपर्यंत पोहोचवलं. हवा आणि दाब मोकळा व्हावा म्हणून वाटेत दगडी मनोरे बांधले. पंप नाही, वीज नाही. सगळं काम उताराच्या मोजमापावर. हीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर मात्र वेगळी आणि नंतरची, सहलीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शेतीचाही त्यांनी विचार केला. वसुलीचे मक्ते बंद केले, जमिनीचा कस बघून सारा ठरवला. सततच्या लढाईत उजाड झालेला मुलूख त्यामुळे पुन्हा पेरता झाला.

१६१६ मध्ये रोशनगावला त्यांचा पराभव झाला आणि मुघल फौजेने खडकी जाळली. त्यांनी ती पुन्हा उभी केली. बादशहा जहांगीरला त्यांचा एवढा राग की अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र त्याने काढून घेतलं. ते आज डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. चित्रात जे झालं ते प्रत्यक्षात कधीच झालं नाही. १६२४ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्या अंबरनी अहमदनगरजवळ भातवडीला तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलात घातली आणि मुघल-आदिलशाही फौजेचा मोठा पराभव केला. शरीफजी याच लढाईत पडले.

ते फरिश्ता नव्हते, हेही मुलांना सांगायला हवं. ज्याला गादीवर बसवलं त्या जावयाशी बिनसलं, आणि अंबरनी त्याला विष देवविलं असं त्या काळच्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. भातवडीनंतर त्यांच्या फौजेने विजापूरजवळचं नौरसपूर लुटलं. सत्तेची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. आपल्या बुजुर्गांबद्दल बोलताना हा भाग गाळला, तर ती तारीफ होते, तारीख होत नाही.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास, ते वारले. खुलदाबादला जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याजवळ त्यांचा मकबरा आहे, शेजारी त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांचा. ज्यांनी त्यांच्याशी आयुष्यभर वैर केलं त्या मुघल दरबाराच्या इतिहासकारानेही, गुलामीतून एवढ्या उंचीला गेलेला दुसरा माणूस दिसत नाही, अशा अर्थाचं लिहिलं. सात वर्षांत दौलताबाद पडलं, दहा वर्षांत निजामशाही संपली. शहराचं नावही बदललं. मुलगा फतेहखानने फतेहनगर केलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आणि आता आणखी वेगळं. पण नहरीचं पाणी त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या लोकांनी भरलं. नाव कोणतंही असो, तहानलेल्याला पाणी मिळालं, याचा सवाब कोणी खोडू शकत नाही. सदका-ए-जारिया म्हणतात ते हेच.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस धो धो पडतो आणि तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवर टँकर येतो. गावोगाव मस्जिदीच्या, मोहल्ल्याच्या जुन्या विहिरी आहेत. काही गाळाने भरल्या, काहींत कचरा टाकतात. ४०० वर्षांची आठवण जलसे आणि बॅनर लावूनही करता येईल. आमचं म्हणणं एवढंच की प्रत्येक जमातीने या उन्हाळ्यात एक विहीर उपसावी, तिचा गाळ काढावा आणि पावसाचं पाणी तिच्यात उतरवायची सोय करावी. त्या कामावर मुलांना घेऊन जा, आणि काम करता करता त्यांना मलिक अंबर कोण होते ते सांगा.