कै. हरिभाऊ आपटे आणि त्यांची यमू

कै. हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृसुख बालपणीच अंतरले. चुलते महादेव चिमणाजी हे मुंबई हायकोर्टातील नामांकित वकील. त्यांच्या आश्रयाने हरिभाऊंचे शिक्षण प्रथम मुंबईस व पुढे पुण्यास झाले. टिळक-आगरकरांसारखे गुरू लाभले, तरी कॉलेजात गणित आडवे आले व पदवी राहिली ती राहिलीच. (जन्मभर मास्तरकी केल्यामुळे अशा नापासांविषयी आम्हांस आदरच वाटतो.) चुलत्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था पुढे त्यांनीच पाहिली.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले व त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्याने मर्यादा १० वर्षांवरून १२ वर नेली, एवढ्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले! त्या गदारोळात हरिभाऊंनी यमू नामक मुलीच्याच तोंडून तिची कहाणी वदविली.

वाचकांस बहुधा यमूचे केशवपन तेवढे स्मरते. आम्हांस अधिक बोचते ते तिचे मुंबईतील सुख. पती रघुनाथराव प्रेमळ व सुधारक; त्यांच्या सहवासात यमू मोकळा श्वास घेते. परंतु तो मोकळेपणा तिच्या मालकीचा नव्हता, पतीच्या चांगुलपणावर टेकलेला होता. ते गेले, आणि सासरच्यांनी बळजबरीने तिचे केस उतरविले. दुष्ट नवऱ्याचा छळ रंगविणे सोपे. मैत्रीण दुर्गीच्या वाट्यास तो आला आहेच. सज्जन पतीच्या संसारातही स्त्रीच्या हाती स्वतःचे असे काही नसते, हे दाखविणे अवघड, आणि तेच हरिभाऊंनी साधले.

स्वतः हरिभाऊंनी प्रथम पत्नी निवर्तल्यावर दुसरा विवाह केला. पुरुषास ती मुभा होती. यमूस स्वतःचे केस राखण्याचीही नव्हती. हे नमूद केल्याने हरिभाऊ लहान होतात असे आम्ही मानीत नाही. लेखिका काशीबाई कानिटकर यांच्याशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता, आणि विवाहित स्त्रीने परपुरुषाशी साहित्यचर्चा करावी ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले. ३ मार्च १९१९ रोजी ते निवर्तले. मुलुंड-घाटकोपरकडील आपल्या ज्ञातिबांधवांच्या कपाटांत 'उषःकाल' आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. यमूची ही कादंबरी मात्र क्वचितच, आणि तीही बहुधा घरातील एखाद्या आजीबाईंच्या पेटीत.