बाळू पालवणकर

क्रिकेट म्हटले की आम्हाला गावसकर आणि तेंडुलकर आठवतात. पण त्यांच्या खूप आधी आपल्याकडे एक मोठे गोलंदाज होऊन गेले. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म सुमारे दीडशे वर्षांपूर्वी धारवाडला झाला. त्यांचे घराणे चांभाराचे. तेव्हा शिवाशिव फार होती. वडील लष्करात होते म्हणून बाळू पुण्याला वाढले. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ते आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

मग बाळूंना क्लबात नोकरी लागली. खेळाडू म्हणून नाही हं! पारशी लोकांच्या क्लबात मैदान झाडायचे आणि रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. नंतर साहेबांच्या क्लबात ४ रुपये झाले. तिथे जाळी बांधायची, रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. बाळू डाव्या हाताने टाकायचे. चेंडू असा वळायचा की साहेब फसायचेच. ग्रेग नावाचा एक साहेब आऊट झाला की त्यांना ८ आणे द्यायचा, असे सांगतात. पण बॅट काही कोणी त्यांच्या हातात दिली नाही. आमच्यातही ज्याची बॅट त्याचीच पहिली बॅटिंग. माझ्याकडे बॅट नाही, पण शेवटी तरी माझी पाळी येते.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते. बाळूंना घ्यायचे की नाही यावरून त्यांच्यात भांडणे झाली. शेवटी घेतले. मैदानात सगळेजण बाळूंनी टाकलेला चेंडू धरायचे. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत बसून कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात द्यायचे. जेवायलाही वेगळे बसवायचे. चेंडूने विटाळ होत नाही आणि कपाने होतो, हे मला काही समजले नाही. मी आईला विचारले. तिलाही सांगता आले नाही.

पुढे बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला हरवले. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली भारताचा संघ बोटीने इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने शंभराच्या वर बळी घेतले!

एवढे करूनही त्यांना कॅप्टन केले नाही. कारण जात. १९२० साली तर संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल आम्हीही खेळणार नाही म्हणून बाहेर पडले. मला हे सगळ्यात जास्त आवडले. मग बाळूंना परत घ्यावे लागले आणि उपकॅप्टन केले. त्या सामन्यात कॅप्टन थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला.

नंतर ते राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. ४ जुलै १९५५ रोजी ते वारले.

एक सांगायचे राहिले. १९२३ साली हिंदू संघाचा कॅप्टन निवडायचा होता. तेव्हा धाकट्या विठ्ठलला कॅप्टन केले, आणि त्या वर्षी त्यांचा संघ जिंकला.

— इयत्ता ४ थी