काउंट झिन्झेन्डॉर्फ व त्यांचे वाडे

जर्मन देशाच्या पूर्व टोकास, आजच्या चेक देशाच्या व पोलंडच्या हद्दीस लागून, ओबरलाउझिट्स नावाचा एक मुलूख आहे. शहरे थोडी, शेते व लहान टेकड्या पुष्कळ, आणि गावोगाव जुन्या जमीनदारांचे वाडे. कोणाभोवती पाण्याचा खंदक, कोणापुढे बाग, कोणाचे छप्परच उरलेले नाही. हौशी प्रवासी हे वाडे पाहत गावोगाव हिंडतात. आम्हीही वाचकांस आज त्यांपैकी दोन वाड्यांच्या दाराशी नेणार आहोत, व तेथून आणखी काही परक्या दारांशी. कारण एका माणसाचे सबंध आयुष्य ह्याच दारांतून आतबाहेर झाले.

वाडा म्हणजे काय, हे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस सांगावयास नको. ओसरीवर कोण बसतो आणि पायरीखाली कोण उभा राहतो, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस चांगले ठाऊक होते. तेव्हा वाड्यात जन्मलेल्या ह्या माणसाने आपल्या वाड्याचे काय केले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस आहे.

निकोलस लुडविग, काउंट फॉन झिन्झेन्डॉर्फ, ह्यांचा जन्म ता. २६ मे १७०० रोजी ड्रेस्डेन शहरी झाला. घराणे मूळचे ऑस्ट्रियातील. आजोबांनी आपल्या प्रॉटेस्टंट विश्वासापायी तेथील वतनवाडी सोडून जर्मनीची वाट धरिली होती. वडील सॅक्सनीच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. पण मूल दीड महिन्याचे होते न होते तोच ते वारले. आई पुढे १७०४ साली प्रशियाच्या एका सेनापतीशी पुनर्विवाह करून बर्लिनला गेली, आणि पोर आजीच्या पदरी राहिले.

आजीचा वाडा ग्रोसहेन्नर्सडॉर्फ गावी होता. हाच आमचा पहिला वाडा. आजी हेन्रिएट्टा फॉन गेर्सडॉर्फ ही मोठी विदुषी. लॅटिन, ग्रीक व हिब्रू ह्या भाषा तिला येत, कविता करी, आणि त्या काळच्या भक्तिमान् पुढाऱ्यांचे, श्पेनर व फ्रांके ह्यांचे, तिच्याकडे जाणेयेणे असे. श्पेनर तर ह्या मुलाचे धर्मपिताच होते. त्या घरात सकाळसंध्याकाळ प्रार्थना होई, बायबल वाचले जाई. बरोबरीचे खेळगडी नसल्यामुळे मुलगा प्रभू येशूस चिठ्ठ्या लिही व खिडकीतून बाहेर टाकी, असे सांगतात. १७०६ साली स्वीडनचे सैन्य त्या मुलखात शिरले तेव्हा काही शिपाई वाड्यात घुसले, आणि सहा वर्षांचे पोर मोठ्याने प्रार्थना करीत असलेले पाहून तेथेच थबकले, अशीही आठवण सांगण्यात येते. आज त्या वाड्याच्या पडक्या भिंती मात्र उरल्या आहेत.

दहाव्या वर्षी त्यांस हाल्ले येथे फ्रांके ह्यांच्या शाळेत घातले. येथे आपल्या देशाचा संबंध येतो. तरंगंबाडीस १७०६ साली उतरलेले त्सीगेनबाल्ग ह्याच शाळेच्या मंडळींपैकी होते. तरंगंबाडीची पत्रे हाल्लेस वाचली जात आणि परत आलेले मिशनरी फ्रांके ह्यांच्या जेवणाच्या मेजावर बसत. तमिळ देशातील मंडळीच्या गोष्टी ऐकत हा सरदारपुत्र तेथे जेवला. दूरच्या लोकांस सुवार्ता सांगावी ही इच्छा त्याच्या मनात तेथेच रुजली. पण घरच्यांस मुलगा धर्मोपदेशक व्हावा हे मान्य नव्हते. काउंटाने दरबारी असावे. म्हणून विटेनबर्ग येथे कायद्याचा अभ्यास झाला, मग युरोपची सफर झाली, आणि १७२१ साली ड्रेस्डेनच्या दरबारात न्यायखात्याची जागा मिळाली.

१७२२ साली त्यांनी आजीकडून बर्टेल्सडॉर्फ गाव व तेथील वाडा विकत घेतला. हा दुसरा वाडा, आणि आमच्या गोष्टीचे बिऱ्हाड खरे येथेच. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एबर्सडॉर्फच्या काउंट घराण्यातील एर्डमूट डोरोथेया ह्या कन्येशी विवाह केला. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. चरित्रकार काउंटांविषयी पाने भरतात आणि ह्या बाईंस दोन ओळी देतात. हिशेब मात्र बाई करीत होत्या.

विवाहाच्या आधीच, जून महिन्यात, काही लोक सीमा ओलांडून बर्टेल्सडॉर्फास आले होते. ते मोरेव्हियाचे शेतकरी व कारागीर. यान हुस ह्यांस १४१५ साली जाळल्यानंतर त्यांच्या अनुयायांतून जी जुनी बंधुमंडळी निघाली, तिचे हे उरलेसुरले वंशज. ऑस्ट्रियाच्या राज्यात छपून बायबल वाचीत. ख्रिस्तियान डाविड नावाच्या सुताराने त्यांची वाट काढिली. काउंट तेव्हा ड्रेस्डेनला होते. कारभारी हाइट्झ ह्याने त्या लोकांस वाड्यापासून सुमारे मैलभर अंतरावर, हुटबेर्ग टेकडीच्या उतारावर, जागा दिली, आणि ता. १७ जून १७२२ रोजी डाविडाने पहिले झाड तोडिले. टेकडीच्या नावात राखण हा अर्थ आहे; त्यावरून वस्तीचे नाव हेर्नहूट पडले, म्हणजे प्रभूची राखण. डिसेंबरात काउंट नव्या पत्नीसह त्या वाटेने जात असता रानात एक घर दिसले. गाडी थांबवून ते आत गेले व गुडघे टेकून त्या परक्यांबरोबर प्रार्थना केली.

पाच वर्षांत वस्तीत सुमारे तीनशे माणसे झाली, आणि भांडणेही तितकीच. कोणी लूथरन, कोणी कॅल्विनच्या मताचे, कोणी जुन्या बंधुमंडळीचे. जो तो आपलाच मार्ग खरा म्हणे. एकाने तर काउंटांसच ख्रिस्तविरोधी ठरविले. ज्याने जागा दिली त्याला हे ऐकणे किती जड गेले असेल! दुसरा जमीनदार असता तर त्याने कोतवालाकडून सर्वांस हाकून लाविले असते. काउंटांनी १७२७ साली दरबारातून रजा घेतली, वस्तीतच येऊन राहिले, आणि घरोघर जाऊन एकेकाशी बोलले. मग ता. १२ मे रोजी सर्वांनी मिळून गावाचे नियम मान्य केले. त्यांतील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते: हेर्नहूटच्या रहिवाशांवर व त्यांच्या मुलाबाळांवर वेठबिगारीचे कोणतेही बंधन कधीही राहणार नाही. त्या मुलखात कूळ हे जमिनीबरोबर वाड्याचे समजले जाई. ही सूट वस्तीपुरतीच होती, वाड्याच्या सगळ्या जुन्या कुळांस ती मिळाली नाही, हेही लिहिले पाहिजे. तरी धन्याने स्वतःच्या हाताने धनीपणास कात्री लाविली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच वर्षी ता. १३ ऑगस्ट रोजी बर्टेल्सडॉर्फच्या देवळात प्रभुभोजन झाले, आणि महिनोन् महिने एकमेकांशी न बोलणारे लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. मोरेव्हियन मंडळी हाच आपला जन्मदिवस मानिते. लागलीच चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली; ती शंभर वर्षांहून अधिक चालली. दर दिवसासाठी एक वचन देण्याची वहिवाट १७२८ साली पडली व १७३१ सालापासून ती वचने छापून निघू लागली. आजही ती पन्नासांहून अधिक भाषांत निघतात.

१७३१ साली डेन्मार्कच्या राजाच्या राज्यारोहणासाठी काउंट कोपनहेगनास गेले असता तेथे आंटोन नावाचा एक आफ्रिकी चाकर भेटला. वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटावर आपली बहीण व भाऊ गुलामीत असून त्यांस सुवार्ता सांगणारा कोणी नाही, असे त्याने कळविले. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात लेओनार्ड डोबर हा कुंभार व डाविड निच्मान हा सुतार हेर्नहूटहून त्या बेटाकडे निघाले. १७३३ साली दुसरे ग्रीनलंडला गेले. विद्यापीठाचे पंडित नव्हेत. कुंभार, सुतार व विणकर! पुढे १७६० साली हेच लोक तरंगंबाडीस आले, आणि १८५६ साली लाहौलातील केलांग येथे त्यांचे ठाणे झाले.

परंतु शेजारच्या जमीनदारांस व व्हिएन्नाच्या बादशहास हे मानवले नाही. आमची कुळे हा मनुष्य फूस लावून नेतो, अशी तक्रार सॅक्सनी सरकारकडे गेली. वाडा जप्त होईल हे ओळखून काउंटांनी १७३२ साली सर्व मालमत्ता पत्नीच्या नावे करून दिली. १७३६ साली हद्दपारीचा हुकूम झाला.

तिसरा वाडा आला तो असा. पश्चिमेस वेटराउ प्रांतात रोन्नेबुर्ग नावाचा डोंगरी किल्ला होता, मोडकळीस आलेला व घाणीने भरलेला. त्यात गरिबांची बिऱ्हाडे राहत. त्यांत यहुदी होते, भटके होते, कोठेही थारा न मिळालेले लोक होते. डाविड सुताराने जागा पाहून तेथे राहणे अशक्य असे सांगितले होते. काउंट बायकामुलांसह तेथेच गेले, व मुलांस अन्नवस्त्र देऊन किल्ल्यात शाळा सुरू केली. थोड्याच काळाने मारियनबोर्न हा वाडा भाड्याने मिळाला, आणि १७३८ साली जवळच हेर्नहाग ही नवी वस्ती उभी राहिली.

१७३७ साली त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. १७३९ साली ते सेंट टॉमस बेटावर पोहोचले तो तेथील मिशनरी बंधू तुरुंगात. काउंटांनी त्यांस सोडविले. पण निघताना गुलामांस त्यांनी जे सांगितले ते वाचून आमचे मन दुखावते. त्यांची गुलामी ही देवाचीच नेमणूक आहे, ती त्यांनी मुकाट्याने सोसावी, असा तो उपदेश होता. मंडळीने त्या बेटावर मळा व त्यावरील गुलामही विकत घेतले होते. ज्याने हेर्नहूटमध्ये वेठ मोडिली त्यालाच हे दिसू नये! त्यावेळचे पुष्कळ लोक असेच समजत, असे कोणी म्हणेल. पण बर्टेल्सडॉर्फच्या धन्याकडून आमची अपेक्षा अधिक होती.

१७४१ ते १७४३ ते अमेरिकेत होते. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावाचे नाव १७४१ सालच्या ख्रिस्तजयंतीच्या पूर्वसंध्येस त्यांच्यासमक्ष ठरले. इकडे हेर्नहागमध्ये मात्र भक्तीचा तोल सुटला. ख्रिस्ताच्या जखमांविषयीची भाषा लाडिक झाली. दिवे, मिरवणुका व उत्सव ह्यांत पैसा उधळला. पुढारी होता त्यांचाच तरुण पुत्र ख्रिस्तियान रेनाटस. काउंटांनी उशिरा का होईना लगाम खेचला व १७४९ साली मुलास लंडनला बोलावून घेतले. १७५० साली हेर्नहागच्या मुलखाच्या सत्ताधारी काउंटाने फर्मान काढिले की, झिन्झेन्डॉर्फ ह्यांस सोडा नाही तर गाव सोडा. सुमारे हजार माणसांनी गाव सोडिले. १७५२ साली तो मुलगा चोविसाव्या वर्षी लंडनमध्ये वारला. पाठोपाठ कर्जाचा डोंगर कोसळला, आणि काउंटांनी मंडळीचे देणे स्वतःच्या नावावर घेतले.

हे सर्व चालू असता बर्टेल्सडॉर्फचा वाडा कोणी सांभाळिला? एर्डमूटबाईंनी. वीस वर्षांवर त्यांनी शेत, सारा, सावकार, पाहुणे व मिशनऱ्यांचा खर्च सांभाळिला. बारा मुले झाली; आईबापांमागे तीन मुलीच राहिल्या. नवरा समुद्रापार असता किती लेकरे त्यांनी पुरली असतील! काउंटांस वाडा सोडणे सोपे गेले. कारण तो धरून ठेवणारे कोणी होते. १७४७ साली हद्दपारी उठली होती, पण काउंट कायमचे हेर्नहूटास आले ते १७५५ साली. पुढच्याच वर्षी, ता. १९ जून १७५६ रोजी, बाई वारल्या. त्यांच्या मागे काउंट फार खचले व आपण त्यांस किती एकटे टाकिले हे त्यांस उमजले, असे जवळच्यांनी लिहून ठेविले आहे.

१७५७ साली त्यांनी आना निच्मान हिच्याशी लग्न केले. ही मोरेव्हियाच्या निर्वासित शेतकऱ्याची मुलगी. चौदाव्या वर्षीच स्त्रियांची वडील म्हणून चिठ्ठीने निवडलेली. तिच्याशी काउंटाने लग्न करणे म्हणजे जातीबाहेरचे कृत्य, म्हणून काही काळ ते उघड केले नाही. ता. ९ मे १७६० रोजी काउंट देवाघरी गेले. आना बारा दिवसांनी गेली.

बर्टेल्सडॉर्फचा वाडा पुढे १९१३ सालापर्यंत मंडळीच्या कारभाराची कचेरी होता. नंतरच्या काळात तो शेतीच्या कामास लागला व पडावयास आला. १९९८ सालानंतर काही मंडळींनी वर्गणी व अंगमेहनत घालून तो पुन्हा उभा केला. हेर्नहूट मे १९४५ मध्ये आगीत पुष्कळसे जळले होते. २०२४ साली त्या गावास जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

हुटबेर्गच्या उतारावरील दफनभूमीत एका बाजूस बंधू व दुसऱ्या बाजूस भगिनी निजल्या आहेत. सुतार, विणकर, बिशप, सर्वांच्या दगडी पाट्या सारख्या, जमिनीसपाट. काउंटांच्या घराण्याच्या तेवढ्या मधोमध, उंच व मोठ्या आहेत. त्याही सपाट असत्या तर आम्हांस अधिक आवडले असते. त्यांच्या एका बाजूस एर्डमूट निजली आहे व दुसऱ्या बाजूस आना.